कुंदाला न मिळालेली सुई

शिंगाड्याच्या दिवसांत आमच्या घरात कुणाचेच पाय धड नसत. आमची सगळी वस्ती मासे धरणाऱ्या ढिवरांची, तलावाच्या पारीखाली, म्हणजे मातीच्या उंच बांधाच्या पायथ्याशी. पलीकडे पाणी आणि अलीकडे आम्ही. पावसाळ्यात तलाव भरला की पारीतून पाझरलेलं पाणी अंगणापर्यंत यायचं आणि दिवाळीपर्यंत ते काही वाळायचं नाही. बाबा डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसून आणि माय छातीभर पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडायची. वेल उलटा करायचा, पानांखाली हात घालायचा, फळ खुडून टोपलीत टाकायचं. त्या फळाला दोन शिंगं असतात आणि ती काट्यासारखी टोकदार असतात. वरचे शिंगाडे हाताला लागायचे आणि गेल्या वर्षीचे, चिखलात टोकं वर करून बसलेले, पायाला. त्यावर जळवा, त्यावर बोटांमधल्या चिखल्या. दिवस कलला की आम्ही सगळे चुलीपुढे पाय पसरून बसायचो, माय करंजाचं तेल कोमट करून त्यात हळद कालवायची आणि घरातल्या सगळ्या पायांना ओळीनं लावत जायची. कोणता पाय कुणाचा हेसुद्धा ती बघायची नाही. एकदा पाहुण्याच्या पायालाही लावून मोकळी झाली होती.

हे एवढं पायांचं पुराण मुद्दाम आधी सांगितलं. पुढं मी जे केलं ते वाचताना तुम्हाला वाटेल की बिचारी, लहान पोर, तिला काय कळणार, घरात तर सगळ्यांच्याच पायांना जखमा होत्या. तसं वाटू देऊ नका. मला कळत होतं. त्या घरात तेव्हा एकटीला मलाच कळत होतं.

सकाळी जाग यायची ती शिंगाडे धुतल्याच्या आवाजानं. मोठ्या टोपलीत पाणी ओतून माय ती हिसडायची, दगडगोटे घुसळल्यासारखा खळखळ आवाज. मग मोठ्या गंजात ते उकडायला चढायचे. उकडलेल्या शिंगाड्याचा वास कसा असतो ते शब्दांत सांगता येत नाही. ओल्या मातीचा आणि गोडसर, दोन्ही. आमच्या कपड्यांना, केसांना, माझ्या पुस्तकांनाही तो वास होता. जेवायला भात, लाखोळीची डाळ, आणि बाबांना लहान मासोळ्या मिळाल्या तर चिंचेचं आंबट. वाळवलेल्या झिंग्यांची चटणी तर बारा महिने. मासे आम्ही खायचो नि विकायचो, पण खरी ऐट शिंगाड्याची. कारण शिंगाडा उपासाला चालतो. पवनीच्या बाजारात एकादशीच्या आदल्या दिवशी माय आणि मी टोपली घेऊन बसलो की एरवी आमच्या सावलीला वळसा घालून जाणाऱ्या बायका पुढ्यात उकिडव्या बसून निवडून निवडून घ्यायच्या. "ढिवरीन बाई, ताजे आहेत ना?" असं आदरानं विचारायच्या. मायला त्या दोन महिन्यांत जो मान मिळायचा तो उरलेल्या दहा महिन्यांत मिळत नसे. आणि मला ते फार आवडायचं. मी सातवीत होते, हिशेबात चटपटीत होते, आणि स्वतःला बाजारातली फार मोठी असामी समजत होते.

कुंदा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मधली दोन भावंडं गेली, म्हणून ती सगळ्यांचीच लाडकी. तोंडानं चुरूचुरू, पायानं वाऱ्यासारखी. पारीवरून घसरत खाली यायचा तिचा खेळ. चड्डी रोज फाटायची आणि रोज मायच्या शिव्या खायची. त्या पावसाळ्यात तिच्या उजव्या गुडघ्याखाली एक फोड आला. आधी एवढासा, मग बोराएवढा, मग वरची कातडी जाऊन लालसर, दाणेदार मांस वर आलं आणि त्यावर पिवळी खपली. मायनं तेल-हळद लावली. खपली निघाली, पुन्हा आली. मग दुसरा फोड कोपराजवळ आणि दोन तोंडाच्या कडेला. "काटे रुतून राहिले पोट्टीले," माय म्हणाली. कोपराला आणि तोंडाला शिंगाड्याचा काटा कसा रुतला, हे कुणी विचारलं नाही. कुंदाला त्याचं काहीच नव्हतं. माशा बसायच्या तेवढ्या हाकलायची आणि पुन्हा पारीवर पळायची.

दसऱ्याच्या सुमारास शाळेत उइके भाऊ आले. सायकलीच्या मागं पत्र्याची पेटी बांधलेली, खाकी पँट, पायात टायरच्या चपला. सरकारी दवाखान्याचा माणूस. गावात त्यांना सगळे 'सुईवाला' म्हणायचे. त्यांनी पेटीतून एक जाड कार्ड काढलं, त्यावर मुलांच्या अंगावरच्या फोडांची चित्रं होती. ते कार्ड त्यांनी बाकाबाकावर फिरवलं. माझ्यापुढं आलं आणि मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. कुंदाचाच पाय होता तो. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या मुलाचा, पण तोच फोड, तीच पिवळी खपली, तेच लाल दाणे.

"याचं नाव यॉज," उइके म्हणाले. "तुमच्या इकडं लोक याले गोंडी रोग म्हणते. मी गोंडच हाओ, म्हणून सांगून राहिलो: हा गोंडाचा नाही, न् ढिवराचा नाही. ओल असंल, गर्दी असंल, आंगाले आंग लागत असंल, तिथं लेकराहीले होते. माझ्या बापाच्या काळात मोठमोठ्या गाड्या येत होत्या, गावंच्या गावं लाईनीत उभी करून सुई टोचत होते. खूप कमी झाला. आता उरला तो धानाच्या बांधीतल्या तणासारखा. एक झाड सुटलं तं पुढच्या साली पुन्हा बांधीभर."

मग त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं. लहानपणी हा रोग झाला, फोड आपोआप बरे झाले, सगळ्यांना वाटलं गेला. कित्येक वर्षांनी तिचं नाक झडलं. ती कधी तोंडावरून पदर काढायची नाही. वर्गातली पोरं नाक गेलेल्या बाईचं सोंग करून हसली. मीही हसले. उइके रागावले नाहीत, वाट बघत थांबले, आणि मग म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. काटा रुतलेला फोड दुखते, गळू दुखते. हा दुखत नाही. म्हणूनच माय-बाप दाखवत नाहीत. ज्याचा फोड दुखत नाही, तो मले पाह्यजे." हे वाक्य मी पाठ केलं. पाठांतरात मी वर्गात पहिली होते.

त्याच दिवशी आमच्या वर्गातल्या फुलवंताच्या पायावर त्यांना तो फोड सापडला. ती जंगलाकडच्या टोलीवरून, एका लहानशा पाड्यावरून, चालत यायची, गरीब, अबोल. ओसरीवर नेऊन त्यांनी तिच्या कमरेत सुई टोचली आणि तिच्या टोलीतल्या सगळ्यांना टोचायला सायकल काढून गेले. रोग्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांना टोचावं लागे, एकट्याला टोचून भागत नसे. दोन आठवड्यांत फुलवंताचा पाय कोरडा झाला. मी रोज बघत होते. खपली गळाली, खाली गुलाबी कातडी आली. एका सुईनं! पण तोवर पोरींनी तिला बाकावर शेवटी ढकललं होतं, तिच्या गडव्यातलं पाणी कुणी पीत नव्हतं, आणि कुणीतरी कुजबुजलं होतं की हा तसला, वाईट चालीचा रोग आहे. तसलं काहीएक नसतं हे मला पुढं भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पण तेव्हा ते ऐकून माझं दप्तर मी फुलवंताच्या दप्तरापासून उचललं, ते वर्षभर उचललेलंच राहिलं. तिची क्षमा मागायचं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. आज येतं, तर ती कुठं आहे मला ठाऊक नाही.

फुलवंताचा पाय वाळलेला बघितला त्या दिवशी मी घरी येऊन मायला सांगितलं की कुंदाचा फोडही तसलाच आहे. नाही असं नाही. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"कोणाले सांगितलं तूनं?"

"कोणालेच नाही."

"मंग सांगू नोको." तिनं पुन्हा भाकरी थापायला घेतली. "परवा एकादशी हाये, पोरी. ढिवराच्या घरी गोंडी रोग निंघाला म्हणून गावात फुटलं, तं आपला शिंगाडा कोण उपासाले खाईल? पाण्यातच उतरून तोडतो ना आपण? अवंदा नाही, पुढच्या सालीबी कोणी हात लावणार नाही. पूर्ण मोहल्ल्याच्या तोंडातला घास जाईल."

बाबा दारात जाळं विणत बसले होते. ते भित्रे नव्हते, वाईट नव्हते. आयुष्यात त्यांनी आम्हा पोरींवर हात उचलला नाही. त्यांनी सुतळी दातांनी तोडली आणि म्हणाले, "सुईवाला उद्या आपल्या मोहल्ल्यात येऊन राहिला म्हणते. घर घर पाह्यते तो. शिंगाड्याचा एवढा हंगाम निंघून जाऊ दे, मंग मी सोताच नेतो तिले दवाखान्यात. पन उद्या कुंदाले कुठं ठेवाचं?"

मायनं भाकरी तव्यावर टाकली. चुलीत लाकूड तडतडलं. आणि मग मी म्हणाले, "मी डोंग्यात घेऊन जातो तिले."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आले की घरच्यांनी सांगितलं, मी ऐकलं. मुलींनी ऐकायचंच असतं. खोटं आहे ते. मायनं गप्प राहायला सांगितलं होतं, बाबांनी नुसता प्रश्न विचारला होता. युक्ती माझी होती. आणि माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा ना मोहल्ला होता ना हंगाम. माझ्या डोळ्यांपुढं बाकाच्या टोकाला बसलेली फुलवंता होती, आणि तिच्या जागी मी.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. तलावावर धुकं होतं, डोंगा दवानं ओला. एका पंच्यात भात नि झिंग्याची चटणी बांधून घेतली, कुंदाला पुढं बसवलं आणि बांबूनं ढकलत तलावाच्या पार पलीकडच्या अंगाला गेले, जिथं शिंगाड्याचे वेल दाट होते. "ताई, आपून कुठं जाऊन राहिलो?" "खेळाले." "कोणता खेळ?" "लपाछपी. पन मोठी. पूर्ण दिवसाची." कुंदाचा आनंद गगनात मावेना. मी तिच्याशी एवढा वेळ कधी खेळलेच नव्हते. मी शाळेची, अभ्यासाची, बाजारातली मोठी असामी ना! त्या दिवशी मात्र मी तिला कमळाच्या देठांची माळ घातली, तिला नवरी केली, मीच नवरदेव आणि मीच भटजी. कच्चे शिंगाडे सोलून तिच्या तोंडात घातले, पांढरे, दुधाळ. टरफलं पाण्यात सोडून त्यांची वरात केली. ऊन चढलं तसं धुकं गेलं, लांब पायांचे पक्षी पानांवरून तुरूतुरू चालत होते, त्यांची नक्कल करून ती डोंग्यात नाचली आणि डोंगा उलटता उलटता राहिला. एवढी हसली, एवढी हसली की तिला उचकी लागली.

दुपार झाली असेल. पारीवरून हाक आली. "ओ पोरी! ए डोंग्यावाली!"

उइके होते. सायकल पारीवर आडवी टाकून कमरेवर हात ठेवून उभे. पलीकडून वळसा घालून आले होते, म्हणजे आमचं घर बघून, माझ्याबद्दल विचारून आले असणार. मी कुंदाला म्हणाले, "लप," आणि तिला डोंग्यात आडवं करून तिच्यावर ओल्या वेलांचा ढीग ओढला. खालून तिचं हसू ऐकू येत होतं. मी बांबूनं डोंगा थोडा पारीकडे सरकवला, जास्त नाही.

"तूच ना सातवीतली? तुह्या घरी गेलो होतो. तुह्यी लहान बहीण कुठं हाये?"

"मामाच्या गावाले गेली जी. साकोलीले."

"केव्हा येईल?"

"माहीत नाही."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. ऊन होतं, आणि माणूस सकाळपासून पायपीट करत होता. "तुह्या शेजारची पोट्टी सांगत होती, तुह्या बहिणीच्या पायाले फोड हाये."

"शिंगाड्याचा काटा रुतला होता जी."

"हो का?" मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "दुखते का तिले?"

त्या एका प्रश्नावर सगळं अडलं होतं आणि त्याचं खरं उत्तर त्या अख्ख्या गावात मलाच माहीत होतं. वर्गात त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हणाले, "दुखते जी. खूप दुखते. कुंदा रातभर रडते."

वेलांखालून खुसखुस आवाज आला. मी पाण्यात बांबू आपटला, की तो ऐकू जाऊ नये. उइकेंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, उलट सुटल्यासारखं वाटलं त्यांना. "मंग काटाच असंल," ते म्हणाले. "दुखते तं काटाच. पन ती आली का मले दाखवजो एक डाव. एकच सुई हाये, पोरी, दुसरी लागत नाही. भेऊ नोको सांगजो तिले." सायकल उचलून ते गेले. मी तिथंच उभी. कुंदा वेलांतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "ताई, आपून जिंकलो?" मी म्हणाले, "हो, जिंकलो."

ते आणखी एकदा आले. तेव्हा मी दारातच भेटले आणि म्हणाले, अजून आली नाही. त्यांनी आमच्या चौकटीवर खडूनं खूण केली, घर पाहून झालं अशी. त्यानंतर त्यांची बदली झाली, आणि नवीन आलेल्या माणसाच्या कागदावर आमची वस्ती स्वच्छ होती. उइकेंबद्दल पुढं मी चौकशी केली, मास्तरीण झाल्यावर. ते वारले होते. बरं झालं म्हणू की वाईट, कळत नाही. भेटले असते तर काय सांगितलं असतं मी त्यांना?

आणि मग तो रोग जे करतो ते त्यानं केलं. उन्हाळ्यापर्यंत कुंदाचे फोड आपोआप वाळून गेले. एकही उरला नाही! माय तर फुगडी घालायचीच बाकी होती. "पाह्य, मी म्हणत नव्हतो? काटेच होते. उगाच भेवाडलं तूनं सगळ्याहीले." हंगाम संपला होता, शिंगाडा हातोहात गेला होता, बाबांना दवाखान्याची आठवण राहिली नाही. मीही देवापुढं उदबत्ती लावली. उइकेंच्या आईचे फोडही असेच आपोआप बरे झाले होते, हे मला आठवत होतं. मी ते आठवायचं नाही असं ठरवलं. माणसाला असं ठरवता येतं, निदान काही वर्षं तरी.

कुंदा पाचवीत असताना तिचे तळवे जाड व्हायला लागले. आधी वाटलं अनवाणी फिरते म्हणून. मग भेगा पडल्या, खोल, तिला पाय पूर्ण टेकवेना. पायाच्या कडांवर तोल सांभाळत, गुडघे फाकवून ती चालायची. मुलं तिला 'खेकडी' म्हणू लागली. पारीवरून वाऱ्यासारखी पळणारी माझी बहीण शाळेच्या वाटेवर चार ठिकाणी बसायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. मग नडग्या दुखू लागल्या, आणि ह्या वेळी खरोखरच ती रडायची. उजवी नडगी हळूहळू पुढं वाकली, धनुष्यासारखी.

मी तेव्हा भंडाऱ्याला शिक्षिकेचं शिक्षण घेत होते. कुंदाला तिथल्या दवाखान्यात आणलं ते मीच. डॉक्टरीणबाईंनी तिचे तळवे बघितले, नडगीवरून हात फिरवला आणि मायला विचारलं, "लहानपणी अंगावर फोड आले होते का हिच्या?"

"काटे रुतले होते जी शिंगाड्याचे," माय म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. एव्हाना तिचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली ना. मी म्हणाले, "हो, काटे." रक्त तपासलं, आणि त्या तपासणीनं काटे-बिटे सगळं बाजूला सारलं. कुंदाला तीच सुई मिळाली. सोबत राहणाऱ्या सगळ्यांना टोचायचं असतं, म्हणून मायला, बाबांना आणि मलाही. मी पदर खोचून बाकावर पालथी पडले आणि ती सुई माझ्या कमरेत गेली, तेव्हा मला एवढं रडू फुटलं की परिचारिका म्हणाली, "एवढी मोठी मुलगी, सुईला घाबरते होय?" रोग तिथं थांबला. तळवे पुष्कळ सुधारले. हाड मात्र जसं वाकलं तसंच राहिलं. "वेळेवर मिळाली असती तर काहीच झालं नसतं," बाई हळहळून म्हणाल्या, आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

कुंदाचं लग्न कोंढ्याच्या एका बिजवराशी झालं. माणूस चांगला निघाला, तिला कधी टोचून बोलला नाही. तो आता नाही. मुलगा, सून, दोन नातवंडं आहेत. सगळं बरं चाललं आहे असं म्हणतात तसं चाललं आहे. पण विहिरीवर, लग्नात, बसस्टँडवर मी तिला चालताना बघते तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागतं. ती बसची पाटी वाचते, पुस्तक वाचत नाही. म्हणून मी हे इथं लिहू शकते. मोठी धाडसाची गोष्ट करते आहे, असं कुणी समजू नये.

काही वर्षांपूर्वी पेपरात एक लहानशी बातमी आली होती, आतल्या पानावर. आपल्या देशातून यॉज गेला. दारोदार फिरून, चित्रं दाखवून, पोरं शोधून शोधून त्याचा निकाल लावला. आता म्हणे जगात जिथं उरला आहे तिथं सुईसुद्धा लागत नाही, गोळी पुरते. मी ती बातमी दोनदा वाचली. आनंद झाला, खरंच झाला. उइकेंची सायकल डोळ्यांपुढं आली. आणि मग मी चहा तसाच ठेवून कोंढ्याची बस पकडली. ठरवलंच होतं, आज सांगायचं. तिनं मला जोडा मारला तरी चालेल. साठी उलटलेल्या बाईनं आणखी किती वर्षं हे छातीवर घेऊन झोपायचं?

कुंदा ओसरीवर पाय सोडून बसली होती. मला बघून तिचा चेहरा खुलला. सुनेला हाका मारल्या, भात टाकायला सांगितलं. जेवायला बसलो. मी पहिला घास हातात घेतला आणि म्हणाले, "कुंदे, तुला आठवतं का गं, एकदा मी तुला डोंग्यात घेऊन गेले होते..."

"आठवते म्हंजे!" तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. "अवं, रोज सांगतो मी पोट्ट्याहीले! तू त्या दिवशी शाळा बुडवली होती माझ्यासाठी. तू! जी तापातबी शाळेत जात होती. मले नवरी केलं होतं, वरात काढली होती. दिवसभर, ताई. माझ्यासंग तसं दिवसभर कोणीच खेळलं नाही, ना पह्यले ना नंतर." ती नातवंडांकडे वळली. "पाहा रे, हीच ती माझी ताई." पोरांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मग तिला आणखी काही आठवलं आणि ती तोंडावर हात धरून हसायला लागली, अगदी तशीच, उचकी लागेपर्यंत. "न् तो मानूस आला होता पारीवर. तूनं त्याले सांगितलं, कुंदा रातभर रडते! मी खाली वेलात, न् मले एवढं हसू आलं. मी तं कधी रडतच नव्हतो. काहून म्हटलं होतं वं तूनं तसं?"

घास माझ्या हातातच होता. ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत हसून आलेलं पाणी, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खेळातलं होतं ते, कुंदे," मी म्हणाले.

"तेच म्हटलं मी," ती म्हणाली, आणि एक हात जमिनीवर टेकून, दुसरा भिंतीला धरून, माझ्यासाठी आणखी भात आणायला उठली.